अशोका हलव्याचं अत्तर

अप्पांना मधुमेह झाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यात मोठा धक्का आमच्या घरात कुणालाच बसला नाही. तो बसला कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला. बातमी कानावर पडताच तो गल्ला सोडून आमच्याकडे आला आणि अप्पांचा हात हातात घेऊन बसून राहिला, जसा काही तोच डॉक्टर. येताना रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून त्यानं एक पुडकं आणलं होतं. गोमतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते दारातच जप्त केलं. त्या दिवसापासून आमच्या घरात लढाई सुरू झाली.

अप्पा म्हणजे माझे वडील, वैद्यनाथराव. तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांच्या सोसायटीत जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेले. उंच, ताठ, कपाळाला ठसठशीत गंध. आमच्या कुंभकोणमात सभा असो की मुंज, लोक त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवत. पण पानात अशोका पडला की हा माणूस पाच वर्षांचा होई. अशोका म्हणजे आमच्या तंजावर भागातला मुगाच्या डाळीचा हलवा. केशरी, मऊ, बोट लावलं तर बोट तुपात बुडतं. ज्या लग्नात अशोका नाही ते लग्न अप्पांच्या मते कायद्यानं ग्राह्य नव्हतं.

डॉक्टर वेणुगोपाळ तरुण होते आणि तरुण डॉक्टरांसारखेच स्पष्ट बोलत. अप्पांच्या डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती.

"साखर अशीच राहिली तर आज बोट जाईल, उद्या पाऊल," डॉक्टर म्हणाले.

"आणि परवा?" अप्पांनी विचारलं.

"परवाचं मी आत्ता बोलत नाही."

अप्पा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. गोड बंद म्हणजे त्यांनी सगळंच बंद केलं. कारल्याची भाजी, पडवळाची भाजी, बिनसाखरेची कॉफी, सगळं ताटात जसंच्या तसं परत येऊ लागलं. कॉफीसाठी नावाजलेल्या कुंभकोणमात बिनसाखरेची कॉफी देणं हा तसा पोलिसांत नोंदवण्यासारखा गुन्हा आहे, हे मलाही मान्य आहे. पण औषधाच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्यानं त्यांना घेरी यायला लागली, तेव्हा मात्र काहीतरी करणं भाग होतं.

अशात शेजारच्या गल्लीत एका लग्नाचा मांडव उभा राहिला. आचाऱ्यांनी भल्या सकाळी मुगाची डाळ परतायला घेतली आणि वास आमच्या ओट्यावर आला. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली आणि हाताच्या खुणेनं गोमतीला ताट आणायला सांगितलं. त्या वासावर त्यांनी भात आणि कारलं मुकाट्यानं संपवलं. हात धुऊन म्हणाले, "वासानंसुद्धा निम्मं पोट भरतं रे शेषाद्री."

"अप्पा, मला एक सुचलंय," मी म्हणालो.

जगातली बरीचशी संकटं याच वाक्यानं सुरू झाली असावीत. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापक शिकवतात ते खरं आहे, एवढं मुलांना नळीत दाखवून द्यायचं. मुलांसमोर नळीतलं द्रावण निळं व्हायच्या ऐवजी तपकिरी झालं तर "हेसुद्धा होऊ शकतं" असं म्हणायची मला सवय होती. हा अनुभव पुरेसा आहे असं वाटून मी अशोका हलव्याचं अत्तर करायचं ठरवलं. फाया कानात ठेवायचा, कारलं खायचं, साखर ताब्यात. मला तर हे इतकं सोपं वाटलं की आजवर कुणी का केलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. त्याचं कारण मला पुढे कळलं.

पहिलं अत्तर मी घरच्या घरी केलं. भाजलेली मुगाची डाळ, केशर, वेलदोडा आणि चमचाभर साजूक तूप हे सगळं तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवलं, गाळलं आणि बाटलीत भरलं. वास अगदीच वाईट नव्हता. अप्पांनी मोठ्या कौतुकानं फाया कानात घातला आणि देवळात गेले.

मी तेलाचा विचार केला होता, केशराचा केला होता. मुंग्यांचा केला नव्हता.

प्रदक्षिणा चालू असताना अप्पा एकदम किंचाळले आणि उडी मारली. मग दुसरी उडी. एका पायावर गरागरा फिरले, कान धरून डोकं गदागदा हलवू लागले. आजूबाजूच्या बायकांनी ओळखलं की यांच्या अंगात आलं आहे. पाच-सहा जणी पाया पडल्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मीनाक्षीबाई त्यात सर्वांत पुढे होत्या. त्यांनी विचारलं, "स्वामी, माझ्या मुलीचं लग्न कधी जमेल?"

अप्पा ओरडले, "आत गेली! आत गेली!"

मीनाक्षीबाईंनी त्याचा अर्थ मुलगी लवकरच सासरच्या घरात जाणार असा घेतला आणि आनंदानं नारळ फोडला. मुंगी डॉक्टर वेणुगोपाळांनी चिमट्यानं काढली. काढताना त्यांनी मला हे कसं झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते हसले. डॉक्टरांनी हसू नये असं नाही, पण टेबलाला धरून हसू नये. कंपाउंडरला आत बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावू नये.

आता सल्ले सुरू झाले. शेजारचे जानकीराम मामा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, अप्पांचे जिवलग मित्र. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं पार्सल कधी ना कधी हाताळल्यामुळे प्रत्येक गोष्टीतलं कळत असे. ते म्हणाले, "तेलात कुठे अत्तर होतं रे? फॉरिनचं सेंट बघ. सगळं स्पिरिटात असतं. फवारलं की उडून जातं. मुंगी येईपर्यंत काही उरतच नाही."

मीनाक्षीबाईंचं मत वेगळं होतं. "वास नाकातून पोटातच जातो ना? मग वासातली साखर जाते कुठे?" या प्रश्नाचं उत्तर मला रसायनशास्त्रात सापडलं नाही. गोमती एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांच्याजवळ बसून नीट बोललात तर ते जेवतील. अत्तर कशाला हवं?" पण तोवर प्रश्न अप्पांच्या जेवणाचा राहिला नव्हता. डॉक्टर हसले होते.

स्पिरिट. आमच्या राज्यात तेव्हा दारूबंदी होती, स्पिरिट म्हटलं की सरकारचे कान उभे राहत. परवाना लागतो असं कळलं म्हणून मी रजा टाकून जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही. तिथल्या लोकांना निवृत्तिवेतन सुखानं मिळो. खिडकीतल्या साहेबांनी माझा अर्ज उलटासुलटा पाहिला.

"स्पिरिट कशाला?"

"हलव्याचा वास काढायला."

"हलव्याला स्पिरिटचा वास येतो?"

"नाही साहेब. स्पिरिटला हलव्याचा यायला हवा."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग जरा पुढे वाकून माझा वास घेतला. मग विचारलं, "हे पिणार कोण?"

"कुणीच नाही. हुंगणार. माझे वडील."

"वय?"

"सत्तरच्या पुढे."

"या वयात?" साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी सांगितलं की खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न खात्याचं पत्र लागेल, औषध असेल तर औषध खात्याचं. अन्न खात्यात म्हणाले, जे खात नाहीत ते अन्न नव्हे. औषध खात्यात म्हणाले, रोग कुठला बरा होतो ते लिहा. मी 'हलव्याची इच्छा' असं लिहिलं. त्यांनी ते खोडून 'मानसिक' असं लिहिलं आणि रुग्णाच्या जागी माझं नाव घातलं. शिवाय तिन्ही ठिकाणी नमुना मागितला; मी पहिल्या तेलातलाच थोडा दिला. तिन्ही ठिकाणी नमुना हुंगून झाल्यावर सगळा स्टाफ समोरच्या हॉटेलात निघून गेला आणि मी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहिलो. खरं तर तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्या वासानं पोट भरत नव्हतं. भूक लागत होती.

पण मला ते आपलं यश वाटलं.

शेवटी मी स्पिरिटचा नाद सोडून ग्लिसरीन घेतलं. ते औषधांच्या दुकानात कुणालाही मिळतं. म्हणजे मधले सगळे हेलपाटे मी हौसेनं घातले असं ठरलं. मुंग्यांना आवडणारं तूप आता त्यात नव्हतं. पण तुपाशिवाय अशोकाचा वास येणार कसा? पुस्तकात सापडलं की तुपाच्या वासात ब्युटिरिक ॲसिड नावाचं द्रव्य असतं. तिरुच्चीला रसायनांच्या दुकानात ते मिळत होतं. दुकानदारानं बाटली देताना विचारलं, "सार, झाकण नीट आहे ना बघा. आणि घरी कुणी रागीट नाही ना?" मला त्या प्रश्नाचा रोख कळला नाही.

पुस्तकात न लिहिलेली गोष्ट अशी, की या द्रव्याचा एक थेंब घागरभर पाण्यात टाकला तर तुपाची आठवण होते. तेच द्रव्य नुसतं असेल तर कुणीतरी नुकतीच ओकारी केली आहे असं वाटतं. परतीची बस पापनाशमच्या अलीकडे खड्ड्यात गेली आणि माझ्या पिशवीतली बाटली फुटली.

आधी सगळ्यांनी खिडक्या उघडल्या. मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले. माझ्या शेजारच्या बाईनं आपल्या निजलेल्या लेकराला उठवून उगीचच एक चापट मारली. मग लेकराचे कपडे कोरडे पाहून तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं धोतर ओलं होतं.

"एवढे मोठे होऊन तोंड खिडकीबाहेर काढता येत नाही का?" ती म्हणाली.

"बाई, हे तूप आहे," मी म्हणालो.

त्यानंतर बसमध्ये जे झालं त्याचं वर्णन करायला आमची तंजावरी मराठी अपुरी आहे. एकदा पुण्याच्या एका पाहुण्यानं आमची भाषा ऐकून मला "आपण बखर वाचून दाखवताय का?" असं विचारलं होतं, पण बखरीतसुद्धा इतक्या तातडीनं कुणाला पायउतार केल्याचं मी वाचलेलं नाही. कंडक्टरनं मला पापनाशमला उतरवलं आणि पिशवी माझ्यामागून फेकली. रिक्षावाले घेईनात. आगगाडीच्या फलाटावर मी ज्या बाकावर बसलो ते बाक रिकामं झालं, मग शेजारचं झालं. एक पोर्टर आला आणि लांबूनच "पोट बिघडलंय का, सार? ताक प्या," असं म्हणून गेला. त्या प्रवासात माझ्याशी गोड बोललेला तेवढा एकच माणूस.

गोमतीनं मला न्हाणीघरातच ठेवलं आणि धोतर जाळलं. पण पिशवीतल्या फुटक्या बाटलीच्या तळाशी थोडं द्रव्य उरलं होतं आणि मला तेवढंच हवं होतं.

यानंतर मी कामाला लागलो तो अगदी शास्त्रशुद्ध. अत्तर बरोबर झालं की नाही हे कशाशी ताडून पाहणार? मूळ माल हवाच. म्हणून मी रोज संध्याकाळी थोडा अशोका विकत घेई. घरी नेणं शक्य नव्हतं, म्हणून कावेरीच्या घाटावर बसून एका हातानं बाटली हुंगायची आणि दुसऱ्या हातानं हलवा. हुंगलेला हलवा टाकून देणं बरं दिसेना, म्हणून खायचा. मला स्वतःला गोडाची फारशी आवड नव्हती. विज्ञानासाठी माणूस काय काय करतो! काही दिवसांनी सकाळीसुद्धा ताडून पाहावंसं वाटू लागलं.

आणि एके दिवशी ते जमलं. बाटली नाकाशी धरली आणि माझ्या डोळ्यांसमोर माझं स्वतःचं लग्न उभं राहिलं, पंगतीसकट. धावत घरी गेलो. अप्पा पलंगावर बसले होते. मी बूच काढलं. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"डाळ जरा करपवलीस," ते म्हणाले, "जशी तुझी आई करपवायची."

त्या दिवशी त्यांनी पडवळ दोनदा मागून घेतलं. मी डॉक्टरांकडे जाऊन मुद्दाम बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टर हसले नाहीत. मला वाटलं, हा माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम महिना असणार.

तसा तो होता. घरभर अशोकाचा दरवळ. अप्पा हसतमुख, जेवण वेळच्या वेळी, अंगावर तेज. सकाळ-संध्याकाळ जानकीराम मामांकडे बुद्धिबळ खेळायला जात आणि परत येत तेव्हा त्यांच्या श्वासाला, मिशांना, उपरण्याला अत्तराचा असा घमघमाट येई की मी गोमतीकडे अभिमानानं पाहत असे. फक्त एक गोष्ट कळत नव्हती. साखर उतरत नव्हती. चढत होती. पायाची करंगळी आधी लाल होती, ती आता जांभळी झाली.

"वासातली साखर," मीनाक्षीबाई जिन्यातून म्हणाल्या. "मी आधीच सांगितलं होतं."

खरं सांगतो, मी त्यावर विचार करू लागलो होतो. गोमतीनं मात्र अत्तराची बाटली उजेडात धरली.

"महिनाभर अप्पा हे वापरताहेत ना?"

"हो. दिवसातून कितीतरी वेळा."

"मग हे एवढंसंच कमी कसं झालं?"

आम्ही दोघं जानकीराम मामांकडे गेलो. बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. त्यावर उंट-घोडे नव्हते. केळीचं पान होतं आणि पानावर अशोका. अप्पांचा हात अर्ध्या वाटेत होता. जानकीराम मामांनी उगीचच वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, तेही उलटं.

माझा बांध फुटला.

"अप्पा, तुमच्यासाठी मी बसमधून हाकलला गेलो! सरकारनं मला वेडा म्हणून लिहून घेतलं! आणि तुम्ही—"

अप्पांनी हात खाली घेतला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. "अत्तर वाईट असतं तर मी वाचलो असतो रे. पहिल्यासारखं तेल केलं असतंस तर काही बिघडलं नसतं. तू ते इतकं हुबेहूब केलंस. सकाळी उठल्यापासून ते माझ्या कानात. मग भूक लागणार नाही तर काय?" मग म्हणाले, "शिवाय तोंडाला वास आला तरी कुणी विचारत नव्हतं. तुझंच अत्तर म्हणत होते सगळे."

त्या वेळी मला कळलं की माझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट उत्तम झाली होती. ती व्हायला नको होती.

करंगळी काढावी लागली. शेजारचं बोटही काढावं लागलं. शस्त्रक्रियेच्या वेळी मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि जानकीराम मामा माझ्याशेजारी बसून लहान मुलासारखे रडत होते. "मी त्याला नाही कसं म्हणू? पन्नास वर्षांची दोस्ती," असं ते परत परत म्हणत होते. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. पण रागवायचं तर ओळीत आधी मी उभा होतो.

अप्पा शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरुणाखालच्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "पाऊल आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मग डॉक्टर बरोबर बोलला. आज बोट."

मी बाटल्या घेऊन घाटावर गेलो आणि सगळं अत्तर ओतून टाकलं. दवाखान्यात परत आलो तर मला गरगरायला लागलं. घाम फुटला, घसा कोरडा पडला. बरेच दिवस मला तहान फार लागत होती, पण ती मी उन्हाळ्याच्या खात्यावर टाकली होती. डॉक्टर वेणुगोपाळांनी सहज म्हणून माझंही रक्त तपासलं आणि कागद हातात घेऊन माझ्यासमोर बसले.

"सार, तुम्ही गोड फार खाता का?"

"मी? मला आवडतही नाही," मी म्हणालो. मग घाट आठवला. तो हलवा आठवला, सकाळचा आणि संध्याकाळचा. "मी फक्त ताडून पाहत होतो," मी म्हणालो. डॉक्टरांना ते कळलं नाही. ते म्हणाले, वडिलांना आहे म्हणजे तुम्हाला आज ना उद्या व्हायचाच होता. तुम्ही तो जरा लवकर बोलावून आणलात.

आता आमच्या घरी दोन ताटं सारखीच वाढली जातात. अप्पा परत आले त्या दिवशी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांची काठी भिंतीला टेकवलेली. समोर कारलं. गोमती वाढत होती आणि आमच्याकडे बघायचं टाळत होती. एवढ्यात वरच्या मजल्यावर मीनाक्षीबाईंनी डाळ परतायला घेतली. त्यांच्या मुलीचं लग्न खरोखरच जमलं होतं. तूप पडलं, वेलदोडा पडला आणि वास खिडकीतून सरळ आमच्या ताटांवर उतरला.

माझा घास हातातच राहिला. तोंडाला पाणी सुटलं आणि त्या पाण्याची मला इतकी लाज वाटली की डोळ्यांतूनही आलं. मी मान खाली घातली.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग काठी ओढून घेतली, भिंतीचा आधार घेत उठले आणि बँडेजचा पाय फरफटत खिडकीपर्यंत गेले. गोमती मदतीला धावली तिला त्यांनी हातानंच थांबवलं. त्यांनी एक झडप लावली, मग दुसरी लावली आणि वरून कडी घातली.

"जेव," ते म्हणाले.